भरपूर पाणी पिऊनही सोडियम उतरलं, क्रिएटिनिन चढलं: मे महिन्यात त्वचा, हृदय आणि मूत्रपिंडात काय चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 64 वर्षांचे, वजन 66 किलो, गोव्यात वाळपईजवळ काजूची बाग. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी चालू. मे महिन्यात बोंडं वेचायचं काम, त्यात गुडघा दुखतो म्हणून आठ दिवस डायक्लोफेनॅक. उन्हाळा म्हणून दिवसाला पाच-सहा लिटर पाणी, आणि रक्तदाब म्हणून मीठ जवळजवळ बंद. मग पोटऱ्यांत गोळे, उठताना चक्कर आणि दोन दिवसांनी बोलण्यात घोळ. तपासणीत सोडियम 124, युरिया 92, क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) 1.9; जानेवारीत क्रिएटिनिन 1.0 होतं. आता ते बरे होऊन घरी आले आहेत. इतकं पाणी पिऊन किडनी कशी दुखावली, ती कायमची बिघडली का, आणि यापुढे पाणी व मीठ किती द्यायचं, हे मुलाला हवं आहे.

घामातून मीठ आणि पाणी दोन्ही गेलं, भरून आलं ते फक्त पाणी. रक्ताचं आकारमान कमीच राहिल्यामुळे शरीराने ते जादा पाणी लघवीवाटे सोडलं नाही, म्हणून सोडियम उतरलं. आणि अशा वेळी मूत्रपिंड ज्या दोन युक्त्यांनी स्वतःला सांभाळतं, त्या दोन्ही युक्त्या गोळ्यांनी अडवून ठेवल्या होत्या, म्हणून क्रिएटिनिन चढलं. इतकंच लक्षात ठेवलं तरी चालेल, पण पुढच्या मोसमात नेमकं काय बदलायचं ते कळायला थोडं आत शिरावं लागेल.

सुरुवात त्वचेपासून. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 80 ते 100 वॉट उष्णता तयार करतो. उतारावर वाकून बोंडं वेचणं, भरलेल्या बादल्या वाहणं अशा कामात तोच आकडा 300 ते 400 वॉटवर जातो. हवा 33-34 अंश आणि त्वचा 35च्या आसपास, म्हणजे नुसत्या हवेला उष्णता देऊन भागत नाही. घाम हाच खरा मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हिशेब केला तर 400 वॉटच्या कामाला तासाला 0.6 लिटर घाम वाळायला हवा. मेख 'वाळायला' या शब्दात आहे. हनुवटीवरून टपटप गळलेला घाम शरीर थंड करत नाही, मीठ मात्र घेऊन जातो.

घाम किती वेगाने वाळेल हे ओल्या त्वचेवरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांतल्या फरकावर ठरतं. 35 अंशांच्या ओल्या त्वचेवर तो सुमारे 42 मिलिमीटर पारा असतो. 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेच्या हवेत तो 26 असतो, फरक 16. आता नागपूरकडची 44 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा घ्या: बाष्पदाब जेमतेम 10, फरक 32. तापमापक तिथे अकरा अंश वर, पण घाम वाळण्याचा जोर गोव्याच्या दुप्पट. 'आमच्याकडे कुठे पारा चाळिशी गाठतो' हा गोमंतकीय दिलासा त्यामुळे फसवा आहे. किनाऱ्यावर दुपारी समुद्राचं वारं तरी येतं. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांत दाट झाडीखाली तेही अंगाला लागत नाही. घाम येत राहतो, वाळत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडतं.

आपल्या त्वचेत 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. ग्रंथीच्या तळाशी तयार होणारा घाम रक्तद्रवाइतकाच खारट असतो; बारीक नळीतून वर येताना त्यातलं सोडियम परत शोषलं जातं. घाम धो-धो वाहू लागला की या शोषणाला वेळ मिळत नाही, म्हणून भराभर येणारा घाम जास्त खारट. लिटरमागे साधारण 20 ते 60 मिलिमोल सोडियम जातं, म्हणजे 1.2 ते 3.5 ग्रॅम मीठ. एक-दोन आठवडे रोज उन्हात काम केलं की अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे नळी सोडियम जास्त राखू लागते आणि घाम अळणी होतो. काम सुटलं की काही आठवड्यांत हा सराव उतरतो. सकाळी सात ते अकरा, तासाला पाऊण लिटर धरलं तरी तीन लिटर घाम आणि सहा ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं. घरात मीठ तोडलेलं असेल तर दिवसभरात परत येतं दोन-तीन ग्रॅम. अशी तूट चार-पाच दिवस साचली की पोटऱ्यांत गोळे येतात.

उष्णता आतून त्वचेपर्यंत नेण्याचं काम रक्ताचं. स्वस्थ असताना हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फेकतं. त्यातलं 1 ते 1.2 लिटर मूत्रपिंडांना आणि अर्धा लिटरही नाही ते त्वचेला. कडक उष्म्यात निरोगी तरुणाच्या त्वचेतून मिनिटाला 6 ते 8 लिटरपर्यंत रक्त वाहू शकतं; साठीनंतर हृदयाला तेवढं जमत नाही. त्वचेचा हा वाढीव वाटा काही हृदयाच्या जादा कामातून येतो, काही आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाट्यातून काढला जातो. शरीरात एकूण रक्तच पाच लिटर, त्यातला द्रव तीन. त्यातूनच घामही निघालेला. अशा वेळी माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि चक्कर येते.

हे घरच्या रक्तदाब यंत्रावर पकडता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून दाब घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने घसरला तर आकारमान कमी आहे किंवा गोळी जास्त होते आहे असं समजा. बसून घेतलेल्या एकाच आकड्यावर विसंबू नका. तो 130/80 दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात.

आता मूत्रपिंड. प्रत्येकात साधारण 10 लाख नेफ्रॉन. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक पुंजका, ग्लोमेरुलस. या सगळ्यांमधून मिनिटाला सुमारे 120 मिलिलिटर द्रव गाळला जातो, दिवसाला 170 लिटर. लघवी होते दीड लिटर. बाकीचं सगळं नळ्यांमधून परत रक्तात. ही गाळणी दाबावर चालते आणि तो दाब पुंजक्याच्या आधीची व नंतरची अशा दोन बारीक धमन्या राखतात. खाजनातल्या (खाडीकाठच्या शेतजमिनीतल्या) मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार जसं भरती-ओहोटीच्या दाबानेच मिटतं-उघडतं, तिथे कोणी उभं राहावं लागत नाही, तशी आधीची धमनी दाब वाढला की आपोआप आवळते आणि कमी झाला की सैल पडते. दाब फारच घसरला तर दोन रसायनं मदतीला येतात. प्रोस्टाग्लँडिन आधीची धमनी रुंद ठेवतात, म्हणजे रक्त आत येत राहतं. अँजिओटेन्सिन नंतरची धमनी आवळतं, म्हणजे आत आलेल्या रक्ताचा दाब टिकतो. मघाशी म्हटलेल्या दोन युक्त्या त्या याच.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एसिक्लोफेनॅक या सगळ्या वेदनाशामकांचं काम प्रोस्टाग्लँडिन बंद करण्याचं आहे. गुडघ्यात तेच हवं असतं, मूत्रपिंडात मात्र पहिली युक्ती जाते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल अँजिओटेन्सिनला अडवतात. दुसरी युक्ती जाते. तिसरीकडे लघवीची गोळी, इथे हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि घाम मिळून आकारमान उतरवतात. एकेकटं औषध निरोगी मूत्रपिंड बहुधा सोसतं. तिन्ही एकत्र आणि वर मे महिना, हे जोडगणित जगभरच्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी दुखण्याची गोळी या गणितातली सर्वात सहज टाळता येणारी गोष्ट आहे. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल वापरा. जेलमधून रक्तात फार थोडं जातं.

आता सोडियमकडे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशी रक्त किती घट्ट-पातळ आहे ते सतत जोखतात. एक-दोन टक्के फरकही त्यांना पुरतो. रक्त घट्ट झालं की तहान लागते आणि एडीएच हे संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी राखायला लावतं. रक्त पातळ झालं की एडीएच थांबतं आणि पाण्यासारखी लघवी होते. निरोगी तरुण असं तासाला पाऊण-एक लिटर जादा पाणी सहज टाकून देतो. म्हणूनच 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला बहुतेकांना बाधत नाही.

पण एडीएच सोडायला लावणारी दुसरीही यंत्रणा आहे. हृदयाच्या कप्प्यांत आणि मानेतल्या धमन्यांत ताण मोजणाऱ्या चेता असतात. रक्ताचं आकारमान आठ-दहा टक्क्यांनी घटलं की त्या एडीएच सोडायला लावतात, आणि त्यांचा हुकूम वरचढ ठरतो. सोडियम 124वर आलं तरी एडीएच सुटतच राहतं. शरीर आधी रक्ताभिसरण वाचवतं, घट्ट-पातळपणा मागून बघतं. वडील जितकं साधं पाणी पीत गेले तितकं ते साठत गेलं. मीठ नसल्यामुळे ते रक्तात टिकलं नाही, बहुतांश पेशींत शिरलं. मेंदूच्या पेशी कवटीत कोंडलेल्या, त्या थोड्या फुगल्या तरी बोलण्यात घोळ, मळमळ, डोकेदुखी सुरू होते. आणखी उतरलं तर झटके.

थायझाइडचा इथे दुहेरी घोटाळा आहे. नेफ्रॉनच्या ज्या तुकड्यात मीठ उचलून पाणी मागे ठेवलं जातं, म्हणजे जिथे लघवी पातळ होते, तिथलीच मीठ उचलणारी प्रथिनं ही गोळी बंद करते. जादा पाणी टाकण्याची ताकद कमी होते, पाणी राखण्याची मात्र शाबूत राहते. फ्युरोसेमाइड कितीतरी जोरदार औषध, पण ते मूत्रपिंडाच्या गाभ्यातलं खारटपणच मोडतं, त्यामुळे पाणी राखणंही जमत नाही आणि सोडियम इतकं कोसळत नाही. शिवाय डायक्लोफेनॅकसारखी औषधं एडीएचचा परिणाम वाढवतात. एकत्रित गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर त्यात बहुधा थायझाइड गटातलं औषध असतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. 'मार्च ते मे रोज उन्हात काम असतं, तेवढ्यापुरता दुसरा पर्याय आहे का' हे डॉक्टरांना फेब्रुवारीतच विचारा. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या हेही त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

अहवालाकडे पुन्हा बघा. युरिया 92, क्रिएटिनिन 1.9, गुणोत्तर 48. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा युरिया देतात, परदेशी पुस्तकांत युरिया नायट्रोजन असतो, युरियाला 2.14ने भागलं की तो मिळतो. त्यामुळे पुस्तकातलं 'वीसपेक्षा जास्त' आपल्या युरियाच्या हिशेबात 'चाळीस-पंचेचाळीसपेक्षा जास्त' होतं. इतकं गुणोत्तर म्हणजे गाळण्या मेल्या नाहीत, त्यांना रक्त कमी पोहोचलं, याकडे झुकणारी खूण. म्हणून सलाईननंतर ते उतरलं. लघवी चहासारखी तपकिरी आणि स्नायू भयंकर ठणकत असते तर स्नायू विरघळल्याची शंका घेऊन रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंतून सुटणारं प्रथिन, तपासावं लागलं असतं. 'सोडियम वाढवायला इतके दिवस का लावले' अशी तक्रार नातेवाईक हमखास करतात. 24 तासांत साधारण 8, फार तर 10पेक्षा जास्त वाढवलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण दुखावून कायमचं अपंगत्व येऊ शकतं. हळू वाढवणं हाच उपचार आहे.

पाणी किती, याचं उत्तर वजनकाट्यावर आहे. बागेत जाण्यापूर्वी लघवी करून वजन, आल्यावर अंग कोरडं पुसून तितक्याच कपड्यांत पुन्हा वजन. एक किलो घट म्हणजे एक लिटर. 66 किलोच्या माणसाने सव्वा किलोपेक्षा जास्त घटू नये. आणि काम करून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर ते पाणी जास्त झाल्याचं सरळ लक्षण आहे, दुसऱ्या दिवशी कमी प्या. तीन-चार दिवस केलं की आपला आकडा कळतो, मग रोज काटा नको. एरवी तहान लागेल तसं. साठीनंतर तहान थोडी मंदावते म्हणून दर अर्ध्या तासाला एक पेला, 150-200 मिलिलिटर, एवढं पुरे. लघवीच्या रंगावरून अंदाज करा, पण बी-कॉम्प्लेक्स चालू असेल तर ती तशीही गर्द पिवळी दिसते.

मिठासाठी घरात उत्तम सोय आहे: सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकावरून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. पेजेतला स्टार्च पचून हळूहळू ग्लुकोज पुरवतो. 400 मिलिलिटरच्या वाडग्यात सपाट पाव चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅम. सोबत तोराची (खारवलेल्या कैरीची) फोड किंवा मिस्कूट (कैरीचं लोणचं) असेल तर पेजेत मीठ घालूच नका, लोणच्यातलं पुरतं. घाम गाळलेल्या दिवशी असे दोन वाडगे. हृदय दुबळं असेल, पायांवर सूज असेल किंवा आधीपासून किडनीचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काम नसेल त्या दिवशी पुन्हा कमी मीठ, दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत.

जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात. लिटरला सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 हे प्रमाण पाकिटावर तपासा. अर्ध्या पाकिटाचा अंदाजपंचे घोल करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. शहाळ्याबद्दल मात्र गैरसमज पक्का आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि सोडियम फारच थोडं. घामाची भरपाई त्याने होत नाही, आणि टेल्मिसार्टन चालू असताना क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वडिलांचं क्रिएटिनिन पूर्ववत होईपर्यंत शहाळं बंदच ठेवा. सोलकढी जेवणात घ्या, औषध म्हणून नको.

काजूच्या बागेत हुर्राकाचा, म्हणजे बोंडांच्या रसाच्या सौम्य दारूचा, विषय टाळून चालत नाही. त्यात मद्यार्क साधारण 15 टक्के, फेणीत चाळिशीच्या वर. मद्यार्क पहिले काही तास एडीएच दाबतो, त्यामुळे प्यायल्यापेक्षा जास्त लघवी होते आणि घामाने उतरलेलं आकारमान आणखी उतरतं. थंडगार हुर्राक घेतल्यावर तरतरी वाटते ती जीभ आणि घसा थंड झाल्याची. काम संपवून, पेज खाऊन, वजन भरून आल्यावर घेतलेला एक पेला आणि भर दुपारी उपाशीपोटी घेतलेला पेला, यांत हाच फरक आहे.

बोलणं बरळल्यासारखं, चालताना झोक जातो आणि अंग भट्टीसारखं तापलेलं, असं दिसलं तर तो उष्माघात समजा. आतलं तापमान 40च्या वर गेलेलं असतं. त्वचा कोरडी असेलच असं नाही, काम करणाऱ्याची घामाने ओलीही असते. 108ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत) तासाभराचा रस्ता आहे आणि मेंदूचं नुकसान मिनिटांत मोजलं जातं. कपडे काढा, बादलीने किंवा पाइपने पाणी ओतत राहा, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. तापात मेंदू स्वतःच तापमान वर ठरवतो आणि गोळी ते खाली आणते, उष्माघातात मेंदूने ते वर ठरवलेलंच नसतं.

किडनी कायमची बिघडली का? बहुधा नाही, पण तपासून खात्री करा. क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम घरी आल्यापासून आठवड्याने, मग महिन्याने. तीन महिन्यांनी त्याच जोडीला लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. तीन महिन्यांनंतरही क्रिएटिनिन 1.0च्या जवळ आलं नाही तर मूत्रपिंडतज्ज्ञ. काणकोणात नेमकं कारण न सापडलेल्या किडनीविकाराबद्दल जे ऐकू येतं त्याच्याशी हे जोडू नका. तो आजार वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो, इथली सगळी चढ दिवसांतली आहे. एकदा असा धक्का बसलेलं मूत्रपिंड दुसऱ्या धक्क्याला मात्र लवकर बळी पडतं, आणि दुसरा धक्का जूनमध्येच समोर असतो. शेताच्या चिखलात उतरल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल झाले तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायची. त्यातही क्रिएटिनिन चढतं, आणि पोटॅशियम अनेकदा उलट उतरतं. त्या वेळी दुखण्याची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि चिखलातलं काम व मे महिन्यातला हा अहवाल, दोन्ही आधी सांगा.